पाच हजार वॅटवाल्या शेठना खुलं पत्र

शेठ,

आधी तुमचं अभिनंदन. आपल्या धाराशिव जिल्ह्यात विजेचा एवढा मोठा साठा पडून असताना आम्ही उगाच महावितरणच्या नावानं बोटं मोडत बसलो होतो. कळंबपासून उमरग्यापर्यंत शेतकरी रात्री-अपरात्री उठतो, थ्री-फेज आली का बघतो, हातात बॅटरी घेऊन विंचूकाट्यातून विहिरीवर जातो आणि स्टार्टर दाबतो. कशासाठी? तर पाच एचपीची मोटार चालावी म्हणून. पाच एचपी म्हणजे हिशेबानं ३,७३० वॅट. आणि तुम्ही माझ्या २००७ सालच्या मारुती ८०० मध्ये, सीटखाली, स्पीकरच्या अँप्लिफायरच्या एका चपट्या डब्यात ५,००० वॅट बसवून दिलेत. पावणेसात एचपीच्या आसपास! तेही बारा व्होल्टच्या बॅटरीवर, ना डीपी, ना आकडा, ना वीजबिल. आता गाडीलाच पाइप जोडावा आणि उसाला पाणी सोडावं, असा माझा विचार चालू आहे.

हे पत्र खुलं का लिहितोय, असं तुम्ही विचाराल. तुमच्या दुकानात बोलायला आलं की तुम्ही डेमो लावता, आणि डेमो चालू असताना समोरच्याची तक्रार ऐकू येत नाही. ही सोय फार हुशारीनं केलेली आहे. कागदावर मात्र तुमचा वूफर चालत नाही, म्हणून कागद.

तर पहिला विषय, ५,००० वॅट. तुमचं बिंग तुमच्याच डब्यानं फोडलं. डब्याच्या मागच्या बाजूला एक छोटा पिवळा फ्यूज आहे आणि त्यावर २० हा आकडा आहे. म्हणजे २० अँपियर. गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १४ व्होल्ट मिळतात. १४ गुणिले २०, झाले २८० वॅट. याहून जास्त वीज सतत आत जायला लागली तर फ्यूज उडणार, त्याचा जन्मच त्यासाठी आहे. या २८० मधले निम्म्याच्या आसपास डबा गरम करण्यात जातात. हात लावून बघा, चटका बसतो. उरले दीडशे, फार तर. मग बाकीचे ४,८५० वॅट कुठं गेले शेठ? मी सीटखाली पाहिलं, मॅटखाली पाहिलं. ते स्टिकरवरच आहेत. सोनेरी अक्षरात आहेत, ठळक आहेत आणि अजून एकही खर्च झालेला नाही.

बारा व्होल्टवर खरोखर ५,००० वॅट काढायचे तर ४०० हून जास्त अँपियर लागतात. छोट्या गाडीचा अल्टरनेटर चाळीस-पन्नास अँपियरच्या घरात वीज करतो, आणि त्यातूनच हेडलाइट, वायपर, हॉर्न आणि इंजिनाची ठिणगी भागवतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो, तिथल्या माणसाला तरी ही म्हण समजावून सांगायची वेळ येऊ नये.

तुमच्या या आकड्याला पीएमपीओ म्हणतात. क्षणभराचा सगळ्यात मोठा झटका. तो कुठल्या क्षणाचा, आवाज किती फाटलेला असताना, कोणी मोजला, कशानं मोजला, याला कसलंही बंधन नाही. त्यामुळे तो छापणाऱ्याच्या मनाएवढा मोठा होऊ शकतो, आणि छापणाऱ्यांची मनं फार मोठी आहेत. खरा आकडा आरएमएस, म्हणजे अँप जो भार सतत पेलू शकतो तो. अमेरिकेत २००३ मध्ये सीईए-२००६ नावाचं मानक आलं: १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या स्पीकरला जोडून, विकृती एक टक्क्याच्या आत ठेवून मोजा आणि मग वॅट सांगा. पाळायचं त्यानं पाळायचं, जबरदस्ती नाही. तुमच्या डब्यावर असल्या कुठल्याही मानकाचं नाव नाही. 'सुपर पॉवर' एवढंच आहे, आणि शेजारी एका वाघाचं चित्र.

तुम्ही दिलेल्या प्लेअरच्या खोक्यावर ५० × ४ लिहिलंय, तिथली लबाडी जरा शिकलेली आहे. १४.४ चा वर्ग करा, ४ ओहमनं भागा, ५१.८ येतात. म्हणजे प्लेअरमधली चिप जेवढी ताणता येईल तेवढी ताणली, गाण्याच्या लाटेची डोकी पार छाटून ती चौकोनी झाली, कानाला नुसती खरखर यायला लागली, तेव्हाचे ते पन्नास. गाणं गाण्यासारखं वाजायचं तर अठरा ते बावीस. तेही कंपनीनं छापलेलं असतं, पण आतल्या कागदावर, मुंगीच्या अक्षरात. आणि गंमत अशी की ८०० सारख्या छोट्या गाडीत अठरा वॅट पुरतात. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे 'वाढला वाटतं' एवढाच. कानाला दुप्पट वाटायला दसपट वॅट लागतात. हे गणित तुम्ही गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही, कारण मग अँप कोण घेणार?

आता मी काय मागितलं होतं ते आठवा. आठ हजार रुपयांत असं करून द्या की घरचे चौघं तुळजापूरला जाताना गाणं नीट ऐकू येईल. बस्स. तुम्ही म्हणालात, "सर, दणका देतो." मी म्हणालो, दणका नको, गाणं पाहिजे. तुम्ही म्हणालात, "छाती धडधडली पाहिजे सर." माझ्या आईचं वय बघता छाती धडधडण्याची व्यवस्था आम्ही सोलापूरच्या डॉक्टरांवर सोपवली आहे, हेही मी सांगितलं होतं. पण डेमो चालू होता.

मग व्हिजिटिंग कार्डाच्या मागे हिशेब झाला: ब्लूटूथ प्लेअर, दारातले दोन स्पीकर, मागच्या फळीवर दोन ओव्हल, अँप, डिकीत बास ट्यूब. आणि शेवटी मोठ्या मनानं लिहिलंत, 'वायरिंग फ्री'. सगळी गोम त्या फ्रीमध्ये होती. आवळा देऊन कोहळा काढणारे पुष्कळ पाहिले. तुम्ही आवळाही नकली दिलात.

तक्रार केली की तुमचं उत्तर ठरलेलं: "गाडीच जुनी आहे सर, काय करणार?" नाचता येईना अंगण वाकडं! शेठ, पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ च्या डिसेंबरात, शेवटची कारखान्यातून बाहेर पडली २०१४ च्या जानेवारीत. या तीस वर्षांत बॅटरी बारा व्होल्टचीच राहिली आणि दाराचा पत्रा पत्राच राहिला. उलट तुमच्या धंद्याला जुनी गाडी म्हणजे मेवा. डॅशबोर्डमध्ये ठरलेल्या मापाची खाच असते, कुठलाही प्लेअर सरळ आत जातो. नव्या गाडीत त्याच जागी मोठा पडदा असतो, त्यात मागचा कॅमेरा असतो, स्टिअरिंगवरची बटणं त्याला बांधलेली असतात; एक तार चुकली की गाडी रुसून बसते. जुन्या गाडीत चुकायला फारशी जागाच नसते. तरीही तुम्ही ती शोधून काढलीत, म्हणून तुमच्या मिस्त्रीचं कौतुक वेगळं करावं लागेल.

ते आता करतो. आमच्या गल्लीत मोटार रिवाइंडिंग करणारे एक मामा आहेत. आयुष्यभर तांब्याच्या तारेशी संसार केलेला माणूस. दाराचं पॅड उघडलं तेव्हा ते शेजारी उभे होते. पहिल्यांदा त्यांनी बॅटरीपासून अँपपर्यंत गेलेली तुमची ती करंगळीएवढी जाड, लालभडक वायर हातात घेतली. वाकवून बघितली, वजन केल्यासारखी तळहातावर धरली, आणि ब्लेडनं एक तार हलकेच खरवडली. वरचा तांबूस रंग गेला, आतून पांढरी निघाली. "शेठनं दावलं तांबं, दिलं ॲल्युमिन," एवढंच बोलले आणि पुढच्या कामाला लागले. ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा असलेली ही तार तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या मानानं दोन-तृतीयांशच्या आसपास वीज वाहून नेते. तीही चालते, पण मग जाडी त्या हिशेबानं वाढवायची असते आणि भाव त्या हिशेबानं कमी करायचा असतो. तुम्ही दोन्हींतलं एकही केलं नाहीत.

त्याहून मोठं म्हणजे, ही वायर बॅटरीच्या टोकापासून निघून बॉनेटखालच्या पत्र्याच्या भोकातून सरळ आत गेली आहे. ना भोकाला रबर, ना बॅटरीजवळ फ्यूज. फ्यूज आहे तो पार सीटखाली, अँपवर. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा, कारण तो अँपला नाही, वायरला वाचवायला असतो. पत्र्याच्या धारेवर घासून वायरचं कव्हर फाटलं तर मधल्या सगळ्या लांबीला विचारणारं कोणी नाही. आग लागेल, आणि मग तुमची छाती धडधडण्याची हौस एकदाची पूर्ण होईल.

मग दारातले स्पीकर. मामांनी खिशातून टॉर्चचा एक सेल काढला, दीड व्होल्टचा, आणि त्याची दोन टोकं स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवली. उजव्या दारातला पडदा बाहेर आला. डाव्या दारातला आत गेला. डावीकडची जोडणी उलटी! एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि मधल्या मधे खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून बास येत नव्हता. तुम्ही त्यावर उपाय काय केलात? बास ट्यूब विकलीत. दोन तारांची अदलाबदल करायची होती, ती न करता डिकी भरून टाकलीत. आता तुळजापूरहून येताना प्रसादाच्या पिशव्या मांडीवर.

पॅडच्या मागे, पत्र्याच्या भोकांवर कंपनीनं एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. काचेवरून दारात उतरणारं पावसाचं पाणी आत न येता खालच्या भोकांतून निघून जावं म्हणून. तुमच्या मिस्त्रीनं तो फाडून गोळा करून दारातच टाकला होता. त्यामुळे पावसाळ्यात पाय ओले का होतात, या कोड्याचाही उलगडा झाला. प्लेअरच्या मागे तर सगळी कलाच होती. जुना कपलर कापलेला, तारा दातानं सोललेल्या, पीळ दिलेल्या आणि वर काळी टेप. पिवळी तार कायम विजेची, लाल तार किल्लीच्या विजेची, हे प्लेअरच्या वेष्टनावर चित्रासकट छापलेलं असतं. तुमच्या मिस्त्रीनं दोघींना एकत्र बांधून एकाच गाठीत लावलं. किल्ली काढली तरी प्लेअर जागाच, आणि सकाळी गाडीला धक्का मारायला शेजारी. अर्थिंगची काळी तार रंगाच्या पत्र्यावर स्क्रूनं दाबलेली. रंग खरवडायचे श्रम घेतलेले नाहीत. म्हणून रेस दिली की स्पीकरमधून कुंऽऽ असा सूर निघतो आणि गिअर बदलला की तोही बदलतो. तुम्ही म्हणाला होतात, "इंजिनाचा आवाज आहे सर." खरंय, इंजिनाचाच आहे. तुम्ही तो स्पीकरमधून ऐकवण्याची सोय केलीत.

आता आवाजाबद्दल, कारण शेवटी पैसे त्याचे घेतलेत. आमच्या गाडीत वाजतात ती देवीची आराधी गाणी. त्यात संबळ असतं. संबळ म्हणजे एक वाद्य नव्हे, जोडी: एक थोरलं, एक धाकटं, एकाचा बोल घुमतो, दुसऱ्याचा कडकडतो, आणि गोंधळ्याच्या हातातल्या काठ्या या दोघांत सवालजवाब लावून देतात. वर तुणतुण्याची एकच तार, पण सगळं गाणं तिनं धरून ठेवलेलं असतं. झांजेची किनार वेगळी. ही गाणी तुमच्या सिस्टीमवर लावली. धाकटं संबळ गायब. थोरलं संबळ एवढं फुगलं की एक ठोका संपायच्या आत दुसरा त्यावर पडतो. झांजेची नुसती खरखर. तुणतुणं कुठंय म्हणून आई विचारत होती. मी सांगितलं, शेठनं ठेवून घेतलं. आणि गाणारी बाई मागच्या फळीवरून गाते, कारण ओव्हलचा आवाज समोरच्या स्पीकरच्या दुप्पट. गायकानं गिऱ्हाइकाच्या मानगुटीवर बसून गावं, ही पद्धत आमच्याकडे नव्हती.

शिवाय बास तुमच्या मिस्त्रीनं टोकाला नेऊन ठेवलेला, 'लाऊडनेस' चालू. बास १० डेसिबलनं वाढवला की त्या सुरांना दसपट वॅट लागतात. ते दसपट कुठून येणार? येत नाहीत, म्हणून आवाज फाटतो. आणि रात्री तुळजापूरच्या घाटात ठोक्यागणिक हेडलाइट मंद व्हायला लागले. वळणावर समोर काय आहे हे दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात बघून घ्यायचं. आई म्हणाली, "बंद कर ते, देवी दिसंना." घाटात रस्ता दिसला तरी पुरे होतं.

माझी ८०० तरी लहान जीव. तुमचे मोठे कस्टमर मी गळीत हंगामात रस्त्यावर रोज बघतो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाखाली, पण ड्रायव्हरच्या डोक्यावर मात्र स्पीकरची रांग. मागून कितीही हॉर्न द्या, त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण तुम्ही तशी हमीच दिलेली असते. ऐकण्याबाबत एक साधं गणित आहे: ८५ डेसिबल आठ तास सोसता येतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला पंधरा मिनिटं. तो पोरगा रात्रभर गाडी ओढतो, हंगामभर ओढतो. त्याला दिवा विकला असतात तर मागचा मोटारसायकलवाला वाचला असता. तुम्ही दणका विकलात. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, हे तुमच्या दुकानासमोर राहणाऱ्यांना फक्त वाचून माहीत आहे, ऐकून नाही.

कधी फुरसत मिळाली तर अमर बोस या माणसाबद्दल वाचा. वडील बंगालचे, स्वातंत्र्याच्या चळवळीतले, अमेरिकेत गेलेले. मुलगा तिथं एमआयटीत प्राध्यापक झाला. त्याच्या कंपनीनं १९८३ च्या मॉडेलच्या कॅडिलॅक गाडीसाठी म्युझिक सिस्टीम बनवली, तेव्हा आधी गाडीच्या आत आवाज कसा फिरतो ते मोजलं: काच कुठं, सीट कुठं, माणसाचा कान कुठं. मग त्या गाडीपुरते स्पीकर आणि त्यांच्या जागा ठरवल्या. त्याच सुमारास आपल्याकडे ८०० आली, आणि तिच्या नशिबात तुम्ही आलात. तुम्हीही मोजमाप करता, नाही असं नाही. गिऱ्हाईक दुकानात शिरतं तेव्हा त्याच्या खिशाचं.

तुम्ही म्हणाल, आठ हजारांत कॅडिलॅक होत नाही. कबूल. पण आठ हजारांत काय होतं, ते तुमच्या माहितीसाठी लिहितो, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल. बाजारात हिंडलं तर साधारण साडेतीन हजारांत नावाजलेल्या कंपनीचा साधा प्लेअर येतो. दोन-सव्वादोन हजारांत स्पीकरची एकच जोडी घ्यायची, समोरच्या दारात जी मावेल ती. खोक्यावरचे वॅट बघायचे नाहीत, 'सेन्सिटिव्हिटी' बघायची. ८९ डेसिबलवाल्या जोडीपेक्षा ९२ वाली जोडी तेवढ्याच विजेत ३ डेसिबल जास्त देते, म्हणजे वॅट फुकटात दुप्पट झाल्यासारखे. अँप मग लागतच नाही. हजारभर रुपयांत चिकट ब्यूटाइलच्या पट्ट्या आणायच्या, दाराच्या पत्र्याला लावायच्या, भोकं बुजवायची, म्हणजे स्पीकरच्या पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळत नाहीत, आणि पत्रा गाण्यात सूर मिसळत नाही. पाण्याची वाट तेवढी मोकळी ठेवायची. पाचशेत तांब्याची तार, कापाकापी टाळणारा कपलर, फ्यूज. उरलेली मजुरी, आणि ती घासाघीस न करता द्यायची, कारण खरा आवाज तिच्यात आहे. मागचे ओव्हल नकोत; माणसं समोर तोंड करून बसतात. मग प्लेअरमध्ये जाऊन स्पीकरचा 'हाय पास' ८०-१०० हर्ट्झवर लावायचा, म्हणजे लहान स्पीकरला न झेपणारं ओझं उतरतं. बास मध्यावर, लाऊडनेस बंद. याला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा तुमच्याकडे मिळत नाही.

यात तुमचं नुकसान आहे का? मला तरी दिसत नाही. धाराशिव, भूम, परंडा, लोहारा, कुठंही जा, रस्त्यावर एमएच-२५ च्या ज्या गाड्या आहेत त्यांतल्या कितीतरी दुसऱ्या-तिसऱ्या हातातल्या आहेत. नवी गाडी घेणारा तुमच्याकडे येतच नाही, त्याला शोरूमवालाच कापून काढतो. तुमच्याकडे येतो तो मास्तर, मेडिकलवाला, खवा घेऊन जाणारा ओम्नीवाला. त्यानं गाडीला मोजून पैसे ठेवलेले असतात. पुढच्या वर्षी अजून काही लावू म्हणून तो परत येणारा माणूस आहे. त्याच्या गाडीत चार तारा नीट जोडल्या तर गावात सांगत सुटेल. पण तुम्ही ठरवलंत की जुनी गाडी म्हणजे गिऱ्हाईकही अडाणी, आणि स्वस्तात मागतो म्हणजे त्याला काहीही चालतं. माझं म्हणणं एवढंच आहे शेठ: ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याला चांगल्या हाताची गरज जास्त असते. महागडा स्पीकर वाईट फिटिंगमध्येही थोडंफार गातो. स्वस्त स्पीकरला गायला लावायचं तर मिस्त्रीच लागतो, आणि तोच तुम्ही फ्रीमध्ये दिलात.

आता मागण्या. एक, मला पक्कं बिल पाहिजे. व्हिजिटिंग कार्डाची मागची बाजू नको, जीएसटी क्रमांक असलेलं. त्यावर अँपची ताकद आरएमएसमध्ये लिहा. ५,००० लिहायचे असतील तर ५,००० लिहा, पण सही-शिक्क्यासह लिहा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा शब्दप्रयोग आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी लागत नाही. म्हणजे वायरिंग फ्री, तशी तक्रारही फ्री. दोन, बॅटरीजवळ फ्यूज, भोकाला रबर, तांब्याची तार, डावा स्पीकर सरळ. तीन, अँप आणि बास ट्यूब परत घ्या. वाघ तुम्हाला ठेवा. चार, हे सगळं करताना रिवाइंडिंगवाले मामा शेजारी स्टुलावर बसतील. ते काही बोलणार नाहीत, त्यांच्या हातात फक्त ब्लेड असेल.

उत्तराची वाट पाहतो. डेमो बंद करून फोन केलात तर बरं.

आपला,
दीडशे वॅटचं एक गिऱ्हाईक

ता. क. माझा जुना कॅसेटचा टेप तुम्ही 'भंगार आहे सर' म्हणून ठेवून घेतलात. त्यात आईची आराधी गाण्यांची कॅसेट अडकलेली आहे. मी तिला समजावलं, ही सगळी गाणी आता मोबाइलवर मिळतात. तिला पटलेलं नाही. मंगळवारी देवीचं दर्शन घेऊन परत येताना ती स्वतः दुकानात उतरणार आहे. वॅटचा हिशेब तिला येत नाही, पण बाजारहाटात आयुष्य गेलंय आणि तिचा आवाज कुठल्याही अँपशिवाय धाराशिवच्या बसस्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. पीएमपीओ नव्हे शेठ, आरएमएस.